पडायचं काम अण्णांचं

आमच्या गल्लीतले कोलांटी अण्णा बोलता बोलता पडायचे. नारायणगावच्या जीपस्टँडवर चहा पिताना कुणी म्हणालं, "अण्णा, आज टोमॅटोचा भाव पडला," की अण्णा हातातला कप बाकावर ठेवून सरळ आडवे. नवखा माणूस घाबरून धावत यायचा. जुने लोक मान वर करूनही बघायचे नाहीत. अण्णा उठायचे, धोतर झटकायचे आणि गार व्हायच्या आत चहा संपवायचे.

तीसेक वर्षं ते तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. वगातल्या राजानं लाथ मारली की पडायचं, मावशीनं लाटणं उगारलं की पडायचं, आणि लोक हसले नाहीत तर पुन्हा पडायचं. "लाखभर येळा पडलो आसंल, पण एक हाड मोडलं न्हाई," असं ते सांगायचे. मला हिशेबाची खोड. हंगाम, खेळ आणि एका खेळातली पडापडी यांचा गुणाकार करून मी त्यांना म्हटलं, "अण्णा, फार तर तीस हजार होतात." ते म्हणाले, "तालमी धरल्या का राव? आन् घरी बायकोपुढं पडतो ते?"

फड सुटल्यावरही रोज सकाळी पट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीवर ओट्यावर उभं राहून ते मान, खांदे, मनगटं, घोटे एकेक करून फिरवायचे. पाण्याला निघालेल्या बायका तोंडाला पदर लावून झपाझप पुढे जायच्या. "सांधा म्हंजे दाराची बिजागरी," अण्णा म्हणायचे. "रोज उघडझाप पायजे. पण लाथ घालून उघडायचं न्हाई." मार्केटात कुणी कमरेतून वाकून क्रेट उचलताना दिसला की लांबूनच हाक यायची, "आरं, उचलतोस का पाया पडतोस त्याच्या? गुडघं वाकव! पोटाशी धर!" स्वतः मात्र दिवसभर विड्या ओढायचे. त्याबद्दल बोललं की म्हणायचे, "छातीत सांधा कुटं आसतो?"

नव्वदचं दशक संपत आलं असताना माझी आई मोरीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण आई काही खाटेवरून उतरेना. उभा जन्म शेतात राबलेली साठीची बाई दारापर्यंत जायलाही सुनेचा दंड धरू लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "मनगट बरं झालंय. पण अशाच बसून राहिल्या तर पायातली ताकद जाईल, हाडं आणखी ठिसूळ होतील आणि मग खाट कायमची. त्यांना चालवा." मी दूध, नाचणी आणि कोवळं ऊन यांचं वेळापत्रक भिंतीला लावलं. आई दूध प्यायली, तिनं नाचणीची भाकरी खाल्ली आणि ऊनही घेतलं, सगळं खाटेवर बसून.

शेवटी एक दिवस अण्णा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. आईला तमाशाचा मनस्वी राग.

"वैनी, पडायचं भ्या वाटतंय ना?"

"तुमाला काय करायचंय? तमासगीर मानूस घरात येऊ देत न्हाई मी."

"घरात कुटं आलोय? अंगणात तर हाय," असं म्हणून अण्णा तिथंच धाडकन पडले. आई दचकली. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "पडलो. मेलो का? न्हाई. आता म्होरं काय?"

"म्होरं काय? ऊठ की मेल्या!"

"आता कसं! तुमाला उठायची खात्री न्हाई, म्हनून पडायचं भ्या वाटतं. पडायचं काम माझं. तुमी फकस्त उठायला शिका."

मी आधी डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, कुणीतरी जवळ उभं राहा, दुखलं तर थांबा, मनगटावर भार नको. मग शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस नुसतं खाटेवरून हात न टेकता उभं राहायचं आणि सावकाश बसायचं. पाय जरा घट्ट झाल्यावर जमिनीवर गोधडी अंथरली. आईनं अट घातली, "दार लावा. लोक म्हनतील, म्हातारी तमाशात निघाली." त्यामुळे आत आई आणि आधाराला माझी बायको, तर गुरुजी बंद दाराबाहेर ओट्यावर.

"कुशीवर वळा! कोपरावर या! मनगट न टेकता रांगा! खाट धरा! एक पाय म्होरं!"

"धरलीय! वरडू नगा, मी भैरी न्हाई!"

दार लावून काय उपयोग झाला, ते गल्लीला विचारा. पंधरवडाभर हे चाललं. एका सकाळी आतून आईचा आवाज आला, "उठले!" लगेच बाहेर ओट्यावर धप्पकन आवाज. अण्णांना आनंद झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात आई जीपमध्ये बसून एकटी निमगाव सावाला माहेरी जाऊन आली. अण्णांना मात्र तिनं घरात कधी घेतलं नाही. चहा ओट्यावर पाठवायची, साखर जास्त घालून.

काही वर्षांनी विड्यांनी आपलं काम केलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर अण्णा धापा टाकत म्हणाले, "पलंगाला कठडं लावल्यात राव. पडता बी येत न्हाई." तेच आमचं शेवटचं बोलणं.

दशक्रियेला नदीकाठी सगळं गाव जमलं. पुढाऱ्यांनी भाषणं केली. अण्णांनी कलेची सेवा केली असं प्रत्येक जण म्हणाला, ते पडायचे असं कुणीच म्हणालं नाही. आईला खुर्ची दिली होती. ती बाजूला सारून आई बायकांमध्ये सतरंजीवर बसली. माणसं उठू लागली तशी माझी बायको हात द्यायला वाकली. आईनं तो हात झिडकारला. कुशीवर वळली, कोपरावर आली, रांगली, एक पाय पुढे घेतला. पुढाऱ्यांसकट सगळे थबकून बघत राहिले. ती घामेजली, थरथरली आणि खुर्चीचा दांडा धरून उभी राहिली. लुगडं झटकलं, डोळे पुसले आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बघताय काय? तिकीट काढलंय का कुनी?"