नानाची लाल गाडी आणि दोन चाव्या

पनवेलहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या मांडीवर नारळ होता. गाडी माझ्या थोरल्या भावाची, नानाची. वीस वर्षांची जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. साखरेच्या दुखण्याने नानाची नजर गेली तेव्हा त्याने ती मला दिली. आता मलाही झेपेना, म्हणून विकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं. नाना राहतो तळा गावी. त्याने फोनवर एवढंच मागितलं होतं, "जायच्या आधी एकदा तळ्याला आण." आज पोचलो नाही तर कधीच नाही.

वाटेत पालीला थांबायचं हा सुनंदाचा हट्ट. "लेक सासरी जाताना ओटी भरतो, मग हिला असंच धाडायचं?" बल्लाळेश्वरापुढे दोन्ही चाव्या ठेवल्या. बाहेर आल्यावर तिने त्या गुरुजींनी दिलेल्या लाल धाग्याने करकचून एकत्र बांधल्या. नव्या मालकाला जोडी द्यायची, एखादी हरवायला नको. मला ते पटलं. बायकोचं मला क्वचितच पटतं, आणि पटतं तेव्हाच नेमका घोटाळा होतो.

नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर तांबडा दिवा लुकलुकायला लागला. मी बॅटरीच्या वायरी आवळल्या, फ्यूज काढून घातले, गाडीला लाडीगोडी लावली, मग शिव्याही घातल्या. लिंबं जशीच्या तशी. त्यात नानाचा फोन, "कुठवर आलास?"

"आलोच," मी थाप मारली. फार वाईट वाटलं.

देवळासमोरच्या पेढेवाल्याला आमची दया आली. त्याने गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या मजीदभाईंना बोलावलं. ते स्कूटरवरून आले, मीटर लावून सगळं शांतपणे तपासलं.

"बॅटरी झकास हाय. पेट्रोल बी येतंय. गाडीच तुमाला वळखत न्हाय. चावी बघू." जोडी हातात घेऊन ते हसले. "दोन्हींच्या मुठीत चिप हाय. चोर नको म्हणून गाडी ती चिप वाचते. दोघी एकदम बोलल्या की तिला कुणाचंच कळत न्हाय."

त्यांनी पक्कड उघडली, धागा पाहिला आणि पक्कड खिशात ठेवली. "वहिनी, देवाचा धागा हाय. तुमीच सोडा."

सुनंदाचा चेहरा उतरला. "माझ्यामुळेच झालं हो."

"असं नका बोलू. चांगल्या मनानं बांधला ना?"

तिने नखांनी गाठ सोडवली. दुसरी चावी मी डिकीत टाकली. दोन मिनिटं थांबून किल्ली फिरवली आणि इंजिन घुमलं. लिंबं चिरडली तेव्हा पेढेवाल्यानेच टाळ्या वाजवल्या.

वाकण, कोलाड, इंदापूर... चहालाही थांबलो नाही. तळ्यात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. नानाच्या बायकोने, माझ्या वहिनीने, तांदळाच्या भाकऱ्या आणि बिरडं (मोड आलेल्या वालांची उसळ) झाकून ठेवलं होतं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होता.

त्याला स्टिअरिंगपुढे बसवलं. गिअर, हँडब्रेक, दिव्यांचं बटण, सगळं त्याच्या हाताला बरोबर सापडलं. गुडघे मात्र अडले.

"बाळ्या, सीट पुढं घेतलीस. बुटका तो बुटकाच राहिलास." त्याने सीट मागे सरकवली आणि ऐसपैस बसला.

दिवसभर जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती चावी मी फिरवायला गेलो. नानाने माझा हात धरला. "चालू नको करूस रे. चालू केलीस की तू निघशील."

मग मी शेजारी बसलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे भाऊ त्या उभ्या गाडीत बसून होतो, आणि वहिनीने दोनदा हाक मारली तरी उठलो नाही.

परत येताना वाटलं, ती सुरू व्हावी म्हणून मी इतका तडफडलो आणि त्याला ती नुसती थोडा वेळ थांबायला हवी होती. हे मला आधी कळायला हवं होतं. सुनंदा म्हणाली, "सीट पुढे घ्या, पाय पोचत नाहीत तुमचे." मी नाही घेतली. तळ्यापासून पनवेलपर्यंत टाचा उचलून क्लच दाबत आलो.