पट्टी माझी, गाड्या तुझ्या

नागपूरच्या माणसाला डोंगराची भीती दाखवायला जावं, तर तो आधी हसतो. गाव सगळं ताटासारखं सपाट. सेमिनरी हिल्स म्हणजे त्याच्या लेखी संध्याकाळी गाडी लावून भुट्टा खायची जागा. त्यामुळे यंदाच्या मॅरेथॉनची वाट त्या टेकड्या चढून फुटाळा तलावाकडे उतरणार असं जाहीर झालं, तेव्हा इंदोरा वस्तीतल्या धावणाऱ्या मंडळींनी त्याची टिंगलच केली. संघपाल गजभिये मात्र हसला नाही. का हसला नाही, ते त्याला कुणापाशी बोलता येईना.

संघपाल एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. वय पन्नाशीच्या पुढं. आवाज असा भारदस्त, की फोन करणारे त्यालाच मोठा साहेब समजून आपली गाऱ्हाणी सांगत सुटायचे, आणि हा पठ्ठ्याही ती निवांत ऐकून घेऊन मग साहेबांना फोन जोडून द्यायचा. बाप देवाजी स्टेशनवर सायकलरिक्षा चालवायचा. रिक्षाचे ब्रेक कधी धड नसायचे. देवाजी पोराला सांगायचा, "चढ माणसाचा असते गा, उतार गाडीचा असते. चढावर आपण तिले ओढतो, उतारावर ते आपल्याले नेते." पोरगा शिकला, खुर्चीवर बसला. पण ती खुर्चीही डोळ्यांपायीच, अपंगांच्या राखीव जागेवर मिळालेली. कॉलेजात असताना चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, सगळ्या इंदोऱ्यात दिव्यांचा लखलखाट असताना, तो दोन्ही बाजूंच्या माणसांना धडकत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडांकडून विझत येईल. मधली थोडी राहील, मग तीही जाईल. तेव्हापासून तो नळीतून पाहावं तसं जग पाहत आला, आणि नळी बारीक होत गेली.

धावायला तो चाळिशीनंतर लागला, आणि लागला तो लागलाच. कारण साधं होतं. दिवसभर त्याला कुणी ना कुणी सांभाळत असे. बायको जिन्यावर दंड धरी, शिपाई खुर्चीपर्यंत पोचवून देई, रस्त्यावरची अनोळखी माणसं न विचारता खांद्याला धरून पलीकडे नेऊन सोडत, मग त्याला पलीकडे जायचं असो वा नसो. पहाटेच्या त्या तासाभरात मात्र त्याला 'सांभाळून' म्हणणारं कुणी नव्हतं. हातात एका दोरीचं टोक, दुसरं टोक लेकीच्या हातात, बाकी सगळी हवा. त्या तासाच्या जिवावर तो उरलेला दिवस काढायचा.

लेक म्हणजे पिंकी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, झोप तिला भारी प्यारी. पहाटे उठायची ती निव्वळ बापासाठी. सरावाला त्यांच्याकडे चढ असा एकच, घराजवळचा उड्डाणपूल. पूल धावत चढायचा आणि गुडघे जपायचे म्हणून उतरताना चालत यायचं, अशी त्यांची जुनी पद्धत. पुलावर कन्हान नदीकडून रेतीचे ट्रक येतात, म्हणून बापलेकीनं कामं वाटून घेतली होती. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी संघपालच्या नळीत बरोबर बसायची. तेव्हा तो म्हणाला होता, "पट्टी माझी, गाड्या तुझ्या." तो पट्टी धरून धावायचा, आणि पिंकी अर्धी मागं वळून ट्रकवर नजर ठेवत त्याच्या बाजूनं पळायची.

या सगळ्याला रुख्मिणीची, म्हणजे त्याच्या बायकोची, एक अट होती. ती कमी बोले, पण बोलली की दगडावरची रेघ. "जोवर पट्टी दिसते तोवर धावा," ती म्हणाली होती. "ज्या दिवशी नाही दिसली त्या दिवशी घरात बसायचं. मले रस्त्यावरून तुमाले उचलून आणायचं नाही."

आणि पट्टी आखाडात दिसेनाशी झाली.

पहिले काही दिवस त्यानं रस्ता करणाऱ्यांवर राग काढला. पावसानं रंग धुऊन गेला असेल, पुन्हा मारायला नको का, वगैरे. मग एके दिवशी पूल चढताना बुटाची नाडी बांधायच्या मिषानं तो खाली बसला आणि तळव्यानं रस्ता चाचपला. रंगाचा जाड, खडबडीत काठ बोटांना लागला. पट्टी जागेवर होती. संघपाल तिथं वाकलेला राहिला आणि त्याला दरदरून घाम फुटला, धावण्याचा नव्हे. "बाबा, चला नं," पिंकी म्हणाली, आणि तो उठून धावू लागला. सांगून टाकायचा तोच क्षण होता. तो गेला आणि मग रोज जात राहिला.

तेव्हापासून तो दोरीवर धावत होता. पिंकी जिकडे जाईल तिकडे दोरी किंचित ताणली जाते, त्या ताणाच्या मागं जायचं; उजेडाचा एक मळकट धूर डोळ्यांपुढं असायचा, बस. पोरगी आहे, तिचे डोळे धडधाकट आहेत, ती नेते आहे, असं तो मनाला बजावी. घरी रुख्मिणी चहा ओतताना विचारी, "पट्टी दिसली?" तो म्हणे, "दिसली." बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. पण घरात बसायचं म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खिडकीजवळची खुर्ची, रेडिओ, आणि सगळ्यांचं हळू आवाजातलं बोलणं. त्या खुर्चीला तो ट्रकपेक्षा जास्त भ्यायचा.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या गटाच्या धम्मानंदनं सगळ्यांना बसवून वाट समजावून सांगितली. धम्मानंद बाहेरगावच्या डोंगरांत धावून आलेला, त्यामुळे त्याच्याकडे न हसण्याइतका अनुभव होता. "चढावर लहान पावलं टाका, घड्याळ पाहू नका, दम लागला तर चाला, कोणी फाशी देत नाही," तो म्हणाला. "खरी गंमत उतारावर हाय. तुम्ही सगळे पुलावरून चालत उतरता, मले मालूम हाय. तुमच्या मांड्यांले उतार मालूमच नाही. तिथं पाय आपोआप पळतात, आपण थांबवतो म्हटलं तरी थांबत नाहीत. मागं झुकला का घसरला, पुढं झुकला का तोंडावर. नजर पुढच्या रस्त्यावर ठेवा, पायाकडे पाहू नका." मंडळींनी माना डोलावल्या आणि पोह्यांच्या प्लेटा घेतल्या. संघपालच्या कानात एकच वाक्य राहिलं, ते नजरेचं.

सकाळी थंडी मरणाची होती. बंदुकीचा बार झाला आणि माणसांचा लोंढा निघाला. सपाट भाग बरा गेला. मग पायाखालचा रस्ता हळूच वर उठला. चहूकडचं बोलणं थांबलं आणि नुसते श्वास ऐकू येऊ लागले. कालचे हसणारे एकेक करून चालायला लागले. संघपालला चढाची भीती नव्हती. चढावर पाऊल कुठं पडणार ते पावलाला आधी कळतं, जमीनच पुढं येऊन भेटते. झाडांचा ओला वास आला, हवा आणखी गार झाली. "मस्त हाय बाबा," पिंकी धापा टाकत म्हणाली, "वरचा टॉवर दिसून राहिला." तो "हो हो" म्हणाला. दिसून राहिला! छातीतला ठोका चढामुळे किती आणि पुढच्या उतारामुळे किती, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. वर पोचेपर्यंत सांगून टाकू, असं तो प्रत्येक वळणावर ठरवी. वळण मागं पडे.

माथा आला तो पायांनीच ओळखला. टाचेखालचं वजन एकदम बोटांवर गेलं.

"बाबा, उतार लागला," पिंकी म्हणाली. "इथं बॅरिकेड लावले हायेत, दोघं मावत नाही बाजूनं. पट्टी तुमच्या डाव्या हाताले हाय, धरून ठेवा. मी मागं होते."

आणि ती मागं झाली. दोरी ढिली पडली.

पुढं कुणी नव्हतं. ताण नव्हता. धूर तेवढा होता, आणि त्या धुरात पाय आपले आपण पळत होते. त्यानं थांबवायचं म्हटलं, तर मांड्या थरथरल्या आणि ऐकेनात. डावीकडून लोखंडाचा गार वास आला, म्हणून तो उजवीकडे सरला, उजवीकडे कुणाचा तरी खांदा घासून गेला आणि "अरे भाऊ, देखके!" असं कुणी ओरडलं. प्रत्येक पाऊल खाली पडायला अंमळ उशीर करत होतं, जणू खाली जमीन असेलच असं नाही. तो मागून पिंकीची पावलं ऐकू पाहत होता. शेकडो पावलं होती, तिची कुठली ते कळेना. आपण पडणार हे त्याला समजलं. आपण पडलो की मागून येणारी पोर आपल्यावर पडणार, हेही समजलं, आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं, त्या भारदस्त आवाजात नव्हे, भलत्याच चिरक्या आवाजात.

"पिंके! मले दिसत नाही वं! धर मले!"

दोरीला असा हिसका बसला की मनगट निखळतंय असं वाटलं. तो गुडघ्यावर आला, बॅरिकेडला आपटला आणि थांबला. पिंकीनं मागून त्याची कंबर मिठीत धरली होती. माणसं दोन्ही बाजूंनी धडाधड उतरत गेली. कुणी विचारलं, कुणी नाही.

"काहून? काय झालं? चक्कर आली?" पिंकी विचारत होती.

"चक्कर नाही. पट्टी दिसत नाही."

"आत्ता?"

"आखाडापासून."

पिंकीचा चेहरा दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो धावल्याचा राहिला नव्हता. ती चिडली असेल, रडत असेल, आता हात सोडून आईला फोन लावेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण ती म्हणाली, "मग पुलावर कोण धरत होतं पट्टी?"

"तू. मी तुझ्या दोरीमागं येत होतो."

"मी नाही धरत होती बाबा," पिंकी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता तिचा. "मी मागं ट्रक पाहून राहिली होती. पुढं त मी पाहतच नव्हती. मी तुमच्यामागं येत होती."

संघपालला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. आखाड, श्रावण, दसरा, दिवाळी, पहाटेचा पूल, मागून येणारे रेतीचे ट्रक, आणि त्यातून चाललेली दोघं, बाप लेकीमागं आणि लेक बापामागं. नेणारं कुणीच नव्हतं. त्यानं पिंकीला धरलं की तिनं त्याला, कुणास ठाऊक. "मी तुले मारलं असतं," तो म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला.

उरलेला उतार ते चालत उतरले. या खेपेला पिंकी पुढं होती, दोरी टाकून दिलेली, त्याचा हात तिच्या खांद्यावर, आणि ती बोलत होती. इथं खड्डा हाय, इथं रेती हाय, इथून वळायचं, आता तलाव दिसते, पाण्यावर धुकं हाय. तो निमूट ऐकत होता. भीती काही उतरली नाही.

शेवटच्या कमानीपाशी रुख्मिणी थर्मास घेऊन उभी होती. बहुतेक सगळे येऊन गेले होते. तिनं नवऱ्याचा फुटलेला गुडघा पाहिला, लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला. पिंकी काही बोलणार तोच संघपालनं तिला थांबवलं आणि स्वतः सगळं सांगितलं. आखाडाचं, पुलाचं, दोघांचं. सांगताना त्यानं मान खाली घातली होती, जशी काही तिची नजर त्याला दिसणारच होती.

रुख्मिणी तिथंच फूटपाथवर खाली बसली. तिनं एका हातानं पिंकीचा हात धरला, दुसऱ्यानं त्याचा, आणि इतका घट्ट की बांगड्या रुतल्या.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"आन् मले काहून नाही सांगितलं?"

"तू घरी बसवलं असतं मले."

"बसवलंच असतं," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता; इतक्या वर्षांत तो त्यानं कधी असा ऐकला नव्हता. "चार दिवस बसवलं असतं. पाचव्या दिवशी मीच उठवून धावायला घेऊन गेली असती. तुमचं तसं तोंड मले पाह्यवलं असतं का?"