एका ठोक्याची मावशी

माझ्या मावशीचं इस्त्रीचं दुकान आहे आणि ती गावच्या वाद्यवृंदात झांजा वाजवते. वाजवते म्हणायचं आपलं. वार्षिक कार्यक्रमाला वृंदाचे मास्तर जी मोठी रचना घेतात, तिच्यात झांजांचा ठोका एकदाच येतो, तोही अगदी शेवटाकडे. बाकीचे घाम गाळत असतात आणि मावशी मांडीवर झांजा घेऊन फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसलेली असते. काका, म्हणजे तिचे यजमान, दरवर्षी पहिल्या रांगेत जागा धरतात आणि सुरुवातीलाच झोपतात. "तिचा ठोका मी आजवर चुकवलेला नाही," असं ते छातीठोकपणे सांगतात. खोटं नाही ते, त्या ठोक्यानेच त्यांना जाग येते.

"घरी अर्धा तास अशी गप्प बसून दाखव," हेही त्यांचंच.

मावशीची यात भरती झाली ती चुकून. मास्तरांचा इस्त्रीचा कोट पोचवायला ती तालमीला गेली होती. झांजावाला आला नव्हता. मास्तरांनी तिच्या हातात झांजा दिल्या आणि म्हणाले, मी मान हलवली की वाजव. तिने वाजवल्या. "दिवसभर लोकांच्या सुरकुत्या काढते, कोणी मान वर करून बघत नाही," ती मला एकदा म्हणाली. "इथे एक ठोका दिला की अख्खं सभागृह दचकतं. मला आवडतं बाई दचकवायला."

हा वाद्यवृंद शाळेच्या आधाराने जगत होता. वाद्यं शाळेच्या एका खोलीत, तालीम शाळेच्या सभागृहात. मग शाळेत मुलं वाढली आणि नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी खोली वर्गासाठी मागितली. त्यांचंही चुकलं नाही, मुलं व्हरांड्यात बसत होती. मास्तर आधीच थकले होते. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "यंदाचा कार्यक्रम करू. बाईंनी तेवढ्यापुरतं सभागृह दिलंय. दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातून ट्रक येईल. तिथल्या वाद्यवृंदाला वाद्यं हवी आहेत. चांगल्या घरी पडतील."

लेक सासरी पाठवतात तसं म्हणाले. मावशीने विचारलं, "आणि तोवर ठेवायची कुठे?"

विचारलं तिने, म्हणून ते तिच्याच गळ्यात पडलं. ती बाजारात गेली आणि दुकानादुकानात एकेक वाद्य ठेवून आली. वर्गणी मागितली असती तर लोकांनी खिसे चाचपले असते. तिने कोपरा मागितला आणि कोपरा प्रत्येकाकडे होता. व्हायोलिनसारखं दिसणारं, पण उभ्याने वाजवायचं ते माणसाहून उंच धूड न्हाव्याकडे गेलं. ट्रम्पेट बेकरीत गेली, आणि वाजवणाऱ्याची तक्रार सुरू झाली की फुंकताना भूक लागते. मोठा ढोल पिठाच्या गिरणीत. झांजा मावशीच्या दुकानासमोरच्या भांडीवाल्याकडे. तालमी सुताराच्या कारखान्यात होऊ लागल्या, अर्धवट झालेल्या खुर्च्यांवर बसून.

मग एक गंमत झाली. धुडावर आधी गिऱ्हाइकं कोट अडकवायची. न्हावी खेकसायला लागला. बेकरीवाला रोज सकाळी ट्रम्पेट पुसू लागला. जे कधी कार्यक्रमाला फिरकले नव्हते, ते "आमचं काय वाजतं, केव्हा वाजतं" म्हणून विचारायला लागले. मावशी इस्त्री फिरवता फिरवता सगळ्यांना समजावून सांगायची.

आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात झांजा विकल्या गेल्या.

भांडीवाल्याची सून नुकतीच दुकानात बसायला लागली होती. कोणी बाई मोठ्या पातेल्यांवर झाकणं मागायला आली. सुनेने कोपऱ्यातली दोन दाखवली. मुठीच्या जागी चामड्याचे पट्टे कसले म्हणून बाईने नाक मुरडलं, तर तिने भावही कमी करून दिला. दुपारी सासरे आले तेव्हा कुठे उलगडा झाला. सून रडून रडून लाल झाली. मावशीनेच तिला पाणी दिलं. "अगं, झाकणंच दिसतात ती. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं."

भांडीवाल्याने दुकानातली सगळ्यात जाड झाकणं पुढे केली. मावशीने ती एकमेकांवर आपटून पाहिली. आवाज आला तो स्वयंपाकघरात भांडण झाल्याचा.

मास्तर म्हणाले, "सोडून देऊ. एक ठोका नसला तर कोणाला कळणार आहे?"

ते समजूत घालायला बोलले होते, पण मावशीला ते फार लागलं. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. इस्त्री बाजूला ठेवून ती मला म्हणाली, "ठोका नसला तर कळणार नाही. उद्या सगळंच नसलं तरी कोणाला कळणार? मग बरोबरच आहे, न्या म्हणावं ट्रक भरून."

बाजार मात्र झाकणांच्या मागे लागला. न्हावी साबण लावलेल्या माणसाला हलता येत नाही हे बघून चौकशी करायचा आणि वर कंगव्याने हवेत दाखवायचा: आमचं धूड गप्प झालं, की एक श्वास, की झांज. बेकरीत, गिरणीत तेच. झांजा काही मिळाल्या नाहीत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात भांडीवाला सुनेसकट आला होता, बेकरीवाला होता, गिरणीवाला केसातलं पीठ न झटकता आला होता. मावशी आपल्या जागेवर रिकाम्या हातांनी बसली. मला तिच्याकडे बघवेना.

रचना शेवटाकडे आली. सगळी वाद्यं चढत गेली आणि न्हाव्याचं धूड गप्प झालं. मावशी उभी राहिली. मास्तरांनी मान हलवली नव्हती, ते तर ठोका सोडूनच पुढे जाणार होते. तिने दोन्ही हात उचलले, एक श्वास घेतला आणि तळव्यावर तळवा मारला.

तिच्याबरोबर सभागृहानेही मारला. अगदी एकसाथ म्हणता येणार नाही. गिरणीवाला जरा आधीच सुटला आणि मागच्या रांगेतले दोघेचौघे उशिरा आले. पण आवाज असा झाला की मास्तर काठी वर धरून तसेच उभे राहिले आणि सगळ्यांना थांबावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि उरलेलं पुरं केलं.

शेवटी ते मावशीजवळ आले. "कळलं," म्हणाले.

"काय?"

"कोणाला कळणार, असं मी म्हणालो होतो ना. ट्रकवाल्याला आत्ताच फोन करतो."

झांजा पुढे सापडल्या. एका खाणावळवालीच्या पातेल्यांवर होत्या, घासून लख्ख झालेल्या. तिने परत दिल्या, पण आता त्यांचा मुक्काम आपल्याकडेच म्हणाली, भांडीवाल्यावर तिचा भरवसा नाही. तेव्हापासून तालमीच्या दिवशी मावशी त्या खाणावळीतून आणते आणि सांगते की हाताला थोड्या तेलकट लागतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. आम्ही घरी चालत निघालो होतो. मावशीचे तळवे अजून लाल होते. तिने काकांना नेहमीसारखं विचारलं, "झोप झाली का बरी?"

काकांनी तिच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कशी लागणार झोप? यंदा उठवायला झांजा नव्हत्या ना."