मागून उचललेली गाडी

उभ्याउभ्या जेवणारा मेकॅनिक म्हणून डोंगरावरच्या दालाबा गावात जुल्दे बारीची ख्याती होती. ताटातला फोन्योचा भात संपायच्या आत तो दोनदा रस्त्यावर डोकावून यायचा. बायको, कोर्का, म्हणायची, "घडीभर बूड टेकलं तर मुळं फुटणारेत का तुम्हाला?" पूर्वी बारा वर्षं त्याने मामू-लाबे रस्त्यावर टॅक्सी चालवली होती. पण दुसऱ्याने बसवलेल्या ब्रेकवर उतारात त्याचा जीव कधी ठरला नाही. शेवटी स्टिअरिंग सोडून त्याने पाना हातात घेतला.

पावसाळ्यात एकदा माजू सो आपली जुनी प्यूजो घेऊन आला. तो बटाट्याची पोती खाली मामूला नेई. बारी आणि सो या घराण्यांनी एकमेकांची टर उडवायची, हा तिथला रिवाजच.

"कोतो, गाडी भरली की मागचे ब्रेक लागतच नाहीत," माजू म्हणाला. वयाने मोठा म्हणून तो जुल्देला कोतो, म्हणजे दादा म्हणे.

जुल्दे गाडीखाली सरपटत गेला. "लागतील कसे? मागे या दणकट स्प्रिंगा ठोकल्यास. ओझं पडलं की गाडी खाली बसते, तशी ही दांडी ओढली जाते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. तुझी गाडी बसतच नाही. तिला वाटतं, आपण रिकाम्याच आहोत."

"मग तूच कस ना दांडी."

"आणि खरंच रिकामी असली तर? मागची चाकं आधी धरतील. ओल्या रस्त्यावर शेपूट फिरेल."

"रिकामा फिरायला मी काय बारी आहे?"

जुल्देला हसू आलं. त्याने दांडीचा नट चार आटे कसला. माजू खूश होऊन गेला.

ते हसणं पुढे तीन आठवडे जुल्देला टोचत राहिलं. हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून तो बाहेर यायचा. माजूची गाडी पोत्यांनी भरलेली दिसली की परत आत जायचा. नमाजातही त्याला त्या नटाचे आटे आठवत.

गुरुवारी सकाळपासून पाऊस लागला होता. वरच्या मळ्यांतून बटाटे आलेच नाहीत. माजू हॉर्न वाजवत समोरून गेला आणि जुल्देला दिसलं ते गाडीचं उचललेलं ढुंगण. आत एक पोतं नव्हतं.

त्याने हाका मारल्या, फोन लावला. फोन बंद. मग येणारी पहिली मोटरसायकल त्याने रस्त्यात आडवा उभा राहून थांबवली.

"त्या प्यूजोच्या मागे घे."

"एवढ्या उतारात? काका, मला मुलंबाळं आहेत."

"मग हळू घे. पण घे." आणि दर वळणाला तोच म्हणत होता, "जरा जोरात, जरा जोरात."

चौथ्या वळणावर गाडी दिसली. तोंड पुन्हा दालाबाकडे, मागची चाकं चरातल्या चिखलात. माजू बांधावर बसून संत्रं सोलत होता.

"लागलं का कुठे?"

"नाही." तो म्हणाला, "समोर बकऱ्या आल्या. ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी गर्रकन फिरली. तू सांगितलं होतंस, कोतो."

"सांगितलं होतं, आणि तरी नट मीच कसला. तू मागितलंस म्हणून मी द्यायला नको होतं." एवढं बोलून जुल्दे तसाच चिखलात आडवा झाला आणि चारही आटे त्याने उलटे फिरवले.

"आणि भरल्यावर?" माजूने वाकून विचारलं.

"भरायचीच नाही. आधी त्या स्प्रिंगा काढायच्या, मूळच्या घालायच्या. मग ओझं किती ते गाडीचं गाडीला कळेल."

"पाच पोती कमी बसतील."

"बसू देत."

एरवी माजूने बारींच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्याने नुसतं संत्रं मधून फोडलं आणि अर्धं गाडीखाली सरकवलं. रविवारी तो स्वतःहून गाडी घेऊन आला. स्प्रिंगा बदलून झाल्या, मग जुल्देने वाळूची पोती आत घातली आणि गाडी उतारावर नेली. आधी भरलेली, मग रिकामी, मग पुन्हा भरलेली. दुपार कलली तरी त्याचं समाधान होईना. शेवटी माजूच कंटाळला. "आता पुरे, कोतो. कोर्का वाट बघत असेल."

"आणखी एकदा," जुल्दे म्हणाला, आणि पोती उतरवायला लागला.