कचरूअण्णांनी मोमोज खाल्ले

गल्लीत मोमोज न खाल्लेली माणसं शोधायला निघालं तर दोनच सापडली असती. एक किशनलाल शेठजींच्या तारादेवी, कारण चटणीत लसूण. शेठजी स्वतः रस्त्याकडं पाठ करून दोन-दोन प्लेट हाणतात, हे तारादेवींना सोडून सगळ्यांना ठाऊक. दुसरे कचरूअण्णा. आणि दुकान तर अण्णांच्या पोटच्या लेकीचं!

दुकानाचं नाव ‘पांडा चायनीज डंपलिंग’. जालन्यात डंपलिंग कुणी म्हणत नाही, सगळे मोमोजच म्हणतात. पण जावई कल्याण पुण्यात एका चायनीज हॉटेलात सहा वर्षं राबून आलेला, पाटीवर खरं नाव पाहिजे हा त्याचा हट्ट. पाटी रंगवली राजानंद पेंटरनं. त्यानं जन्मात ट्रॅक्टर आणि बैलजोडी सोडून काही काढलेलं नव्हतं, त्यामुळं त्याचा पांडा ऊन लागलेल्या रेडकासारखा दिसतो. पण आठ नगांची प्लेट साठ रुपयांना आणि लाल चटणी पाहिजे तेवढी, मग पांड्याकडं बघतंय कोण? पाच वाजता क्लास सुटले की पोरापोरींची अशी झुंबड उडते की समोरच्या टायरवाल्यानं ओट्यावर टायर मांडायचंच सोडून दिलं.

त्या ओट्यावर अण्णा बसायचे. दर बुधवारी. कापडी पिशवीत भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली. समोर लेक कोपरापर्यंत मैद्यात. पातळ पारीत कोबी-गाजराचं सारण भरून बोटांनी भराभर चुण्या घालायची, तीन मजली भांड्यात रचायची, झाकण उघडलं की वाफेत दिसेनाशी व्हायची. वाफ गेली की पुन्हा दिसायची. अण्णा तेवढं बघायचे, घरची भाकरी खायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे आणि उठायचे.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्न बापानं तोंडात घालायचं नाही, हा नेम. आता कोण पाळतं? पण अण्णा शेठजींच्या आडतीवर एकतीस वर्षं मापाडी होते. काट्याच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या भावालाही मूठभर तूर जास्त जाऊ दिली नव्हती. गल्लीला तर आयताच विषय.

“अण्णा, जावयाच्या दुकानाची वाफ फुकट घेता, ती चालती का नेमाला?” सायकलवाला वसंता विचारायचा.

“वाफ रस्त्यावर येती. रस्ता नगरपालिकेचा,” अण्णा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

हसून वेळ मारून न्यायचे, कारण खरं सांगण्यासारखं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुरेखाला चौथा महिना असताना अण्णा तिच्याकडं गेले होते. विहीणबाईंनी फारच आग्रह धरला म्हणून अर्धा कप चहा घेतला. बशीत ओतून, दोन घोटांत. आठ दिवसांनी निरोप आला की लेकरू राहिलं नाही. डॉक्टरांनी काय काय कारणं सांगितली, पण अण्णांच्या मनानं अर्धा कप चहा धरला तो धरला. तेव्हापासून ते पाणीसुद्धा घरून न्यायला लागले. दर चतुर्थीला राजूरला गणपतीपुढं उभे राहायचे, नुसते, काही न बोलता. पुढं दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदाही. अण्णा नेम जास्तच आवळून धरत गेले.

आणि गेल्या पोळ्याच्या आधी सुरेखाची गर्भपिशवीच काढावी लागली.

दुकानाला तीन वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी ती माहेरी आली. अण्णांची बायको सगुणाबाई मेथी निवडत बसली होती. सुरेखानं त्यातल्या चांगल्या दोन जुड्या पिशवीत घातल्या आणि मग बापाकडं वळली.

“अण्णा, उद्या दुकानाला तीन वर्षं व्हायलेत. या.”

“येतोच की मी. दर बुधवारी येतो.”

“येता, अन् टायरवाल्याच्या ओट्यावर बसून जाता. आत या म्हणायले मी. टेबलावर बसा, एक प्लेट खा.”

“सुरेखा, तुला माहीत हाय ना बेटा...”

“माहीत हाय. मूल होईस्तोवर.” ती खाली बसली. “पिशवी काढली माझी, अण्णा. तुम्ही दवाखान्यातच होते. आता काय होईस्तोवर थांबून राह्यले?”

सगुणाबाईचा हात मेथीतच थांबला. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ते चालूच होतं.

“बघू,” ते म्हणाले.

“बघू न्हाई. पाच वाजता कोपऱ्यातला टेबल मी धरून ठेवते. लोक काय काय बोलतेत मला, मी ऐकून घेते. पण सख्खा बाप समोर बसून भाकरी खातो ना, तवा सगळ्या रस्त्याला दिसतं की हिला पोर न्हाई. उद्या आले न्हाई तर मी पुन्हा बोलवणार न्हाई.”

ती गेली. अण्णा बसल्या जागी बसून राहिले. खायला त्यांची ना नव्हती. पण खाल्लं म्हणजे त्यांच्या लेखी सगळं संपलं. नेम चालू आहे तोवर कुठंतरी काहीतरी बाकी आहे. डॉक्टर काय, देव काय, कुणाच्या तरी हातून अजून काही होईल. आणि आपणच ताटावर बसून ते मिटवायचं? दुसरीकडं लेकीचं ते शेवटचं वाक्य.

सकाळी ते शेठजींच्या ओट्यावर गेले. किशनलाल शेठजी पेपरातले सोयाबीनचे भाव वाचत होते. आडत मुलाकडं गेली होती, पण भाव वाचायची सवय सुटली नव्हती. सगळं ऐकून त्यांनी पेपराची घडी केली.

“अरे कचरू, इतकंच? आमच्यात तर यापेक्षा कडक. बेटीच्या गावचं पाणीसुद्धा नाही. तरी मी रुचिकडं जातो ना, चहा पितो, जेवतो, आणि उठताना तिच्या हातावर नोट ठेवतो. पैसा दिला की ते बेटीचं राहत नाही. नेम भी रहा, पेट भी भरा.”

“अन् रुचिताई रागावत न्हाई?”

“रागावेल कशाला? तिच्या सासऱ्याच्या घरी पण तेच करतात.”

अण्णांचा चेहरा असा उजळला, जसा दोन्ही पारडी बराबर आल्यावर उजळायचा. शेठजींच्या घरात नोट ठेवणारा आणि घेणारी, दोघांनाही लहानपणापासून त्याचा अर्थ माहीत होता. आपल्या घरात त्याचा अर्थ काय निघेल, हे मात्र अण्णांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाट सापडली होती आणि वाट सापडलेला माणूस फार विचार करत नाही.

चार वाजता अण्णा निघाले. इस्त्रीचा नेहरू शर्ट, धुतलेली टोपी, पायात लग्नातल्या चपला. हातात पिशवी नाही, हे गल्लीनं सर्वांत आधी टिपलं.

“काय अण्णा, सोयरीक बघायला निघाले का?” वसंता ओरडला.

“जेवायला निघालो. लेकीकडं!” अण्णा इतक्या मोठ्यानं म्हणाले की तारादेवी खिडकीत आल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर सुरेखानं स्टीलचा ग्लास पालथा घालून ठेवला होता, कुणी बसू नये म्हणून. क्लासची पोरं उभ्यानं खात होती, पण तो टेबल रिकामा. अण्णांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तेव्हा तिच्या हातातली पारी तशीच राहिली.

“आले!” ती कुणाला म्हणाली कोण जाणे. “अहो, अण्णा आले!”

कल्याणनं कढईवरून येऊन पाया पडून घेतलं. सुरेखानं हात धुतले, पदर नीट केला, भांड्याचा सगळ्यात खालचा मजला उघडला आणि प्लेट स्वतः घेऊन आली. आठ मोमोज, हिरवट दिसणारे.

“हे मेनूत न्हाईत,” ती म्हणाली. “मेथीचे केलेत. तुमच्यापुरतेच.”

“ही तर दिंडंच की गं! नागपंचमीची,” अण्णा वाकून बघत म्हणाले.

“दिंडात पुरण ऱ्हातं अण्णा. खाऊन तर बघा.”

आणि ती समोर बसली. गर्दीच्या वेळी दुकान सोडून ती बसली, हे कल्याणनंसुद्धा तीन वर्षांत बघितलं नव्हतं. तिचं सगळं तोंड हसत होतं.

अण्णांनी मोमोला हात लावला नाही. आधी खिशात हात घातला. वीस-वीसच्या तीन कोऱ्या नोटा काढल्या, प्लेटीच्या बाजूला ठेवल्या.

“आधी हे घे.”

“काय हे?”

“प्लेटीचे.”

“मस्करी करून राह्यले का अण्णा?”

“मस्करी न्हाई. इकत घेतलं की ते लेकीच्या घरचं ऱ्हात न्हाई. शेठजीनं सांगितलं मला. म्हणजे नेम बी मोडत न्हाई अन् तुझं मन बी मोडत न्हाई.” अण्णांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. “हाय का न्हाई बराबर?”

सुरेखाच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तिथंच राहिलं, मालक निघून गेलेल्या घरासारखं.

“म्हणजे नेम हायेच अजून,” ती म्हणाली. “पिशवी गेली, पण नेम हाये. मी म्हणलं, माझा बाप नेम सोडून आला. तुम्ही तर नेमाला घेऊन आले.”

“अगं, तसं न्हाई...”

तिनं नोटा उचलल्या, गल्ल्यात टाकल्या. परत येऊन मेथीची प्लेट उचलली आणि आत नेली.

“हे इकायचे न्हाईत.”

“अगं सुरेखा, अण्णा आहेत,” कल्याण हळूच म्हणाला.

“गिऱ्हाईक हाये. पैसे दिलेत त्यांनी. चार नंबरला एक कोबीची द्या.”

कोबीची प्लेट आली. तीच घेऊन आली, पण उभी राहिली.

“चटणी लाल का पांढरी, काका?”

अण्णांनी वर बघितलं. ‘काका’ ती प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची. समोरच्या ओट्यावरून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं.

“लाल,” ते म्हणाले.

आठही मोमोज त्यांनी संपवले, कारण पानात टाकायचं नाही हाही नेमच. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, ते टोपीनं पुसलं. सगळं जालना कशासाठी रांग लावतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. चव चांगली होती. वाईट असती तर बरं झालं असतं.

गल्लीत वसंता वाट बघत होता. “कसे होते अण्णा?” अण्णा म्हणाले, “बराबर होते,” आणि घरात गेले. त्या दिवशी गल्लीत कुणी जास्त विचारलं नाही. आमच्या गल्लीचं तोंड फाटकं असलं तरी डोळे आहेत.

घरी सगुणाबाईला फोनवर सगळं समजलेलं होतं.

“मी पहिल्या दिवसापासून खाते तिच्याकडं,” ती भांडी लावता लावता म्हणाली. “डबा भरून देती मला.”

“अन् मला सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तिची लेकरं गेली ते सगळं तुम्ही माझ्या खाण्यावर टाकलं असतं.”

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी अर्ध्या कप चहाचं सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. विहीणबाई, बशी, दोन घोट, सगळं. सगुणाबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“हे लेकीला सांगितलं कधी?”

“कसं सांगू? तुझं लेकरू माझ्या चहानं गेलं म्हणून?”

सगुणाबाईनं ताट खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला.

पुढचा बुधवार अण्णांनी जाऊ दिला. त्याच्या पुढच्या बुधवारी ते पाच वाजता निघाले. निघण्याआधी त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून बघितले, रिक्षाचे सुट्टे होते तेही देवापाशी ठेवले आणि चालत गेले. राजूरच्या गणपतीला मनातल्या मनात सांगितलं की आता मागणं संपलं, माझ्याकडून मोकळा हो. हे सांगताना त्यांना रस्त्याच्या कडेला जरा थांबावं लागलं. सात वर्षं जे नातवंड त्यांनी भाकरी बांधून जपलं होतं, ते त्यांनी तिथं सोडलं. कुणाला दिसलं नाही.

दुकानात गर्दी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर चार पोरी बसल्या होत्या. अण्णांना भिंतीकडेचं स्टूल मिळालं. सुरेखा हातावर तीन प्लेटी घेऊन आली.

“एक प्लेट का, काका?”

अण्णांना वाटेत पाठ केलेलं सगळं बोलायचं होतं. पैसे आणले नाहीत, मुद्दाम आणले नाहीत, तुझ्या हातचं फुकट खायला आलोय, नेम संपला. तोंडातून पहिलंच वाक्य निघालं.

“पैसे आणले न्हाईत मी.”

तिनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग रोजच्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, चांगल्या आवाजात म्हणाली, “राहू द्या की. पुढच्या वेळी द्या.” एक प्लेट त्यांच्यापुढं ठेवली आणि पुढं गेली.

“सुरेखा,” अण्णांनी हाक मारली.

“आले, आले!” ती म्हणाली. दोन नंबरच्या टेबलाला.

प्लेट गरम होती. अण्णांनी एक मोमो उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावला. लेकीच्या घरचा पहिला घास. ज्या लेकीसाठी घेतला, ती पाठमोरी उभी राहून कुणाला तरी पांढरी चटणी वाढत होती.