साहेबांची पापणी

साहेबांचा हात हनुवटीवर, नजर थेट माझ्यावर. उभ्या वकिलीत माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. हल्ली खात्यातल्या अपिलांची सुनावणी साहेब मोबाइलवर व्हिडिओनं घेतात, आणि त्या दिवशी ती मंदाताईंची होती. अंगणवाडी सेविकेची त्यांची नोकरी साधी नोटीसही न देता काढून घेतली होती. मी असा रंगात आलो, की मोबाइलपुढेच हातवारे करू लागलो.

शेजारी बसलेल्या मंदाताई कुजबुजल्या, "वकीलसाहेब, यांची पापणी का लवत नाही?"

"विचारात आहेत."

"त्यांच्या मागचा पंखापण विचारात आहे का?"

चित्र कधीच गोठलं होतं. मी एका फोटोपुढे घसा फोडत होतो! मला माझंच हसू आलं. घाईनं कार्यालयात फोन लावला, तर कारकून म्हणाला, "झाली की सुनावणी. कळवू."

कळवलं. 'अपीलकर्तीचे म्हणणे सविस्तर ऐकले. अपील फेटाळण्यात येत आहे.'

तेव्हापासून हसू आटलंय. राग रेंजचा नाही. समोर बसवून सुनावणी व्हायची तेव्हाही साहेब असेच हनुवटीवर हात ठेवून बसायचे, आणि मी त्याला लक्ष समजायचो. हरणं पचवता येतं हो. पण न ऐकता 'सविस्तर ऐकले' लिहायचं? लिहिताना हात कसा अडखळत नाही?

"आता पुढे?" मंदाताईंनी विचारलं.

हायकोर्टात जायचं. याचिका लिहायला घेतलीय. कलमं, निवाडे मागाहून येतील. पहिलं वाक्य मंदाताईंचं आहे: साहेबांची पापणी लवत नव्हती.