मागावरचं फडकं

बाबांचा फोन हातात घेतला की माझं डोकं फिरतं. या दिवाळीत नागपूरला माहेरी गेले, तेव्हा एका पंचांगाच्या अ‍ॅपला त्यांनी काय काय बहाल केलं होतं ते पाहिलं. फोटो, माइक, लोकेशन, सगळ्या नातेवाइकांचे नंबर. तिथी सांगायला माइक कशाला लागतो?

"बाबा, सगळ्यांले हो काहून म्हणता तुम्ही?"

"परवानगी मागते ना तो. न विचारता घुसते का?" बाबा म्हणाले. "अन् फुकट पंचांग देऊन राहिला. त्याले नाही कसं म्हणू?"

मी त्यांच्या खाटेवर बसूनच एकेक परवानगी काढायला घेतली. खाटेचा एक पाय डुगडुगतो, कारण तिथली फरशी खचलेली आहे. तिथे पूर्वी आमच्या हातमागाचा, विणताना पाय सोडून बसायचा खड्डा होता. माग उठला, बाबा बुटीबोरीला गिरणीत लागले आणि खड्डा बुजवला. माझं अख्खं बालपण धोट्याच्या खटखटीत गेलं. खटखट थांबली की आई चुलीपासूनच विचारायची, "धागा तुटला का?" आता आईही नाही आणि खटखटही नाही. त्या शांत घरात मला अजून करमत नाही.

आमच्या आळीत दारं दिवसभर उघडी असत. कोणीही यावं, बसावं, चहा प्यावा. पण दारात चप्पल वाजली की बाबांचा हात आधी जुन्या धोतराच्या फडक्याकडे जायचा. साडीचा विणून झालेला काठ त्याखाली झाकला की मगच, "या, बसा." नवा काठ बाजारात जाईपर्यंत कोणाला दाखवायचा नाही, अशी विणकरांची रीतच होती. कोणाला राग येत नसे, कारण जो तो आपल्या घरी हेच करी.

मी आठ वर्षांची असताना बाबांनी बाभळीच्या शेंगांचा काठ काढला. मणी मणी ओवल्यासारखी शेंग, तिच्या शेजारी दुसरी. उन्हाळाभर आई-बाबा दोघं त्याच्या मागे होते. एका दुपारी बाबा रंगवलेलं सूत आणायला गेले होते, आई नळावर होती. गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा माणूस आला. त्यानं माझ्या हातावर संत्र्याच्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाला, "तुझे बाबा फार सुंदर विणतात म्हणे. बघू तरी."

मी फडकं उचललं. फडकं उचल असं त्यानं सांगितलंही नव्हतं, मीच उचललं. वर शेंगा मोजूनही दाखवल्या.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा साड्यांचं गाठोडं घेऊन गांधीबागेत गेले आणि तसंच परत घेऊन आले. तोच काठ तिथे यंत्रमागाच्या साड्यांवर दुकानादुकानांत लटकला होता. त्यांनी गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि न जेवता झोपले. तो काठ पुन्हा विणला नाही. मी कोणाला काही बोलले नाही. लग्न झालं, पोरं झाली, केस पिकले, तरी नाही.

आणि आता मीच बाबांना शहाणपण शिकवत होते. "बाबा, हे मागावरचं फडकं समजा. येईल त्याच्यासाठी उचलायचं नसते. गोड बोलून फुकट काही देते, त्याच्यासाठी तं मुळीच नाही..." वाक्य अर्धवट टाकून मी पुढची परवानगी शोधू लागले.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गोळी एकच दिली होती का वं त्यानं?"

मी फोन खाटेवर ठेवला. "दोन."

"एकीचा कागद फडक्याखाली सापडला होता मले."

"मंग बोलले काहून नाही तुम्ही?" मी रडायलाच लागले.

"काय बोलू? बापाचं काम दाखवून राहिली होती तू. चोरी त्यानं केली." ते माझ्या जवळ सरकले. "तुह्या आईनं बी हेच म्हटलं."

म्हणजे आईलाही माहीत होतं. दोघांनी मिळून माझी चूक इतकी वर्षं झाकून ठेवली होती, आणि मला वाटत होतं की मीच ती लपवली.

मी डोळे पुसले आणि पुन्हा फोनकडे वळले. फोटोंची परवानगी अजून काढायची होती.

"हे आधीच काढाचं होतं," बाबा म्हणाले. "तुह्या आईचं लुगडं आहे त्यात." परत आलेल्या गाठोड्यातली एक साडी आई शेवटपर्यंत नेसत होती. त्या साडीचा फोटो बाबांनी या फोनमध्ये काढून ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

परवानगी त्यांनी स्वतःच्या बोटानं बंद केली, दोनदा तपासली. मग फोटो उघडला आणि फोन माझ्या पुढे धरला.

"घे," म्हणाले. "मोज शेंगा."